ज्ञान झाल्यावर पोथी कशाला उघडायची?

लक्ष्मीनगरकर (धागाकर्ता), रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

आमच्या नागपूरच्या लक्ष्मीनगरात एका घरी गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी सात ते साडेआठ पंचदशी (विद्यारण्यस्वामींचा अद्वैत वेदान्तावरचा ग्रंथ) चालते. दहा-बारा जण असतो. शिकवणारे सर संस्कृतचे निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. दोनदा पूर्ण वाचून झाली, आता तिसरी फेरी सुरू आहे. पंधरा प्रकरणांपैकी सातव्यात आहोत, तृप्तिदीपात. ते एकटंच २९८ श्लोकांचं, त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी तिथेच मुक्काम.

आमच्यातलेच एक मित्र अडीच वर्षांपूर्वी यायचे थांबले. भांडण नाही, काही नाही. अंबाझरी तलावावर सकाळी फिरताना त्यांना एकदम 'ते' कळलं, असं त्यांनी फक्त सरांना आणि मला सांगितलं. कुठे मिरवलं नाही. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो, खोटं बोलणारा माणूस नव्हे. न येण्याचं कारण म्हणून त्यांनी अमृतबिंदू उपनिषदाचा श्लोक म्हटला होता: 'पलालमिव धान्यार्थी त्यजेद्ग्रन्थमशेषतः'. धान हाती आलं की तणस (भाताचा पेंढा) टाकून द्यावी, तसे ग्रंथ सोडावेत.

परवा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते फाटकात दूधवाल्यावर ओरडत होते. नुसतं रागावणं नव्हतं. हात थरथरत होता, तोंडात शब्द येईना. दूध दोन दिवस पातळ आलं, एवढीच गोष्ट. मला पाहिल्यावर गप्प झाले, आम्ही चहा घेतला, त्या विषयावर कोणीच बोललं नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून तो हात जाईना.

दुसरीकडे आमचे सर. त्यांच्याबद्दल आम्हा सगळ्यांच्या मनात एकच भावना आहे, ते स्वतः कधी काही म्हणत नाहीत. ते आजही पहाटे साडेचारला जपाला बसतात. चाळीस वर्षं तीच पोथी, पेन्सिलीच्या खुणांवर खुणा. एकदा एकाने विचारलं, सर, तुम्हाला अजून काय मिळवायचं राहिलं? सर म्हणाले, पुढचा श्लोक वाचा.

तर माझा प्रश्न हा. आत्मज्ञान झाल्यावर साधना आणि अभ्यास चालू ठेवायचा की नाही? ठेवायचा असेल तर कशासाठी? मिळवायचं काही उरत नाही असंच तर सगळे ग्रंथ सांगतात.

---

वऱ्हाडी_भाऊ, ९:५८

आधी होता वाघ्या। दैवयोगे झाला पाग्या।
त्याचा येळकोट राहीना। मूळ स्वभाव जाईना॥

तुमच्या दोस्ताचं उत्तर तुकोबांनी देऊन ठेवलंय जी.

---

तृप्तिदीप, १०:३०

वऱ्हाडी भाऊ, अभंग पूर्ण म्हणा मग. शेवटी काय आहे? 'आधी होता संतसंग। तुका झाला पांडुरंग। त्याचे भजन राहीना। मूळ स्वभाव जाईना॥' वाघ्याचा येळकोट आणि तुकोबांचं भजन एकाच ओळीत बसवलंय. दूधवाल्याचा प्रसंग आणि सरांचा जप, दोन्ही त्या अभंगात आहेत.

आता मूळ प्रश्न. शास्त्राची भूमिका स्वच्छ आहे. गीता ३.१७: जो आत्म्यातच रमला, तृप्त झाला, 'तस्य कार्यं न विद्यते'. त्याला कर्तव्य उरत नाही. तुम्ही ज्या प्रकरणात आहात त्यातच पुढे येईल: 'शृण्वन्त्वज्ञाततत्त्वास्ते जानन्कस्माच्छृणोम्यहम्'. ज्यांना तत्त्व कळलं नाही त्यांनी श्रवण करावं, मी जाणतो, मी का ऐकू? ज्यांना संशय आहे त्यांनी मनन करावं. ज्याची विपरीत समजूत उरली आहे त्याने निदिध्यासन करावं. मला यातलं काहीच नाही, मग ध्यान कशाचं?

ज्ञान हे प्रमाणातून, म्हणजे जाणण्याच्या साधनातून, होतं. दिवा लावला, अंधार गेला. गेलेला अंधार पुन्हा घालवायला रोज दिवा ओवाळत बसायचं नसतं. तुमच्या मित्राचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. सरांचा जप ही सवय किंवा आवड आहे, साधना नव्हे. ज्ञानोत्तर साधना हा शब्दच मला खटकतो. साधना म्हटली की साध्य आलं.

---

मृगाची_वाट, १०:४४

मग हात का थरथरला?

---

तृप्तिदीप, १०:५१

ताई, त्याचंही उत्तर त्याच प्रकरणात आहे. 'रज्जुज्ञानेऽपि कम्पादिः शनैरेवोपशाम्यति'. साप वाटला ती दोरी आहे हे कळल्यावरही अंगाचा कंप हळूहळूच थांबतो. कंप आहे म्हणून साप आहे असं होत नाही.

---

कूलरची_टाकी, ११:०५

आज नागपुरात ४५ च्या वर गेलं. सगळ्यांनी अनुभव घेऊन पाहा. कूलरचं बटण बंद करा, आतला पंखा लगेच थांबतो का? घरघर करत आणखी फिरतो. शंकराचार्यांनी कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त दिला, आमच्या मुलांनी कुंभाराचं चाक पाहिलेलं नाही, म्हणून मी त्यांना कूलर दाखवतो. प्रारब्ध म्हणजे तो उरलेला फेरा. वीज गेलेली असते.

---

धंतोलीकर, सोमवार, सकाळी ६:२०

तृप्तिदीप यांनी श्लोकाचा पूर्वार्ध दिला, उत्तरार्ध राहिला. तोच महत्त्वाचा आहे. 'पुनर्मन्दान्धकारे सा रज्जुः क्षिप्तोरगी भवेत्'. मंद अंधारात कोणी तीच दोरी पुन्हा फेकली तर ती पुन्हा सर्पीण होते. विद्यारण्यस्वामी जीवन्मुक्ताच्या, म्हणजे जिवंतपणीच मुक्त झालेल्याच्या बाबतीत हे लिहितात. ज्ञान गेलं असं ते म्हणत नाहीत, पण क्षणभर दचकायला होतं हे मान्य करतात.

आणि विद्यारण्यांनीच जीवन्मुक्तिविवेक हा स्वतंत्र ग्रंथ नेमका याच प्रश्नासाठी लिहिला. त्यात तीन गोष्टी बरोबरीने सांगितल्या आहेत: तत्त्वज्ञान, वासनाक्षय (जुन्या ओढी झिजणं), मनोनाश (मनाची धावाधाव थांबणं). ज्याने उपासना वगैरे सगळं आधी पुरं करून मग ज्ञान मिळवलं, त्याचे उरलेले दोन आपोआप टिकतात. आपल्यासारख्यांचं तसं नाही. जिज्ञासेपोटी थेट वेदान्तात येतो, ज्ञान होतंही, पण वासना जागच्या जागी. त्याच्यासाठी ज्ञानानंतर मुख्य काम वासनाक्षय आणि मनोनाश हे उरतं. याचं पहिलं प्रयोजन त्यांनी 'ज्ञानरक्षा' असं सांगितलंय. कमावलेलं राखायचं.

उदाहरण कोणाचं दिलंय ते वाचून मी थक्क झालो होतो. साक्षात उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषींचं! जनकाच्या सभेत हजार गाई, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलेलं. वाद सुरू व्हायच्या आधीच याज्ञवल्क्यांनी शिष्याला सांगितलं, गाई हाकून ने. मग एकेकाला हरवत गेले, आणि शाकल्याचं तर डोकं गळून पडलं. विद्यारण्य विचारतात की हा ब्रह्मवेत्ता नव्हता का? होता. पण विद्येचा मद होता, धनाची इच्छा होती, जिंकण्याची ओढ होती. म्हणून त्यांनी पुढे घर सोडलं, पत्नी मैत्रेयीशी तो संवाद झाला. ज्ञान मिळवण्यासाठी घेतला तो विविदिषा संन्यास, ज्ञान झाल्यावर घेतला तो विद्वत्संन्यास. याज्ञवल्क्यांचा दुसरा.

लक्ष्मीनगरकर, हजार गाईंच्या मानाने तुमच्या मित्राचं अर्धा लिटर दूध फार मोठं नाही. त्यांना कमी लेखू नका.

---

तृप्तिदीप, ७:१५

जीवन्मुक्तिविवेक मान्य, पण तो चौदाव्या शतकातला. योगाचा भाग त्यात बराच मिसळलेला आहे. भाष्यकारांचं, म्हणजे शंकराचार्यांचं मत काय, हे सांगा.

---

धंतोलीकर, ७:४०

बृहदारण्यक उपनिषद १.४.७ चं भाष्य पाहावं. आचार्य म्हणतात, ज्या कर्माने हे शरीर सुरू झालं त्याचं फळ येणारच. सुटलेल्या बाणासारखं ते बलवान असतं. त्यामुळे सम्यग्ज्ञान झालं तरी वाणी, मन, काया यांची प्रवृत्ती होते आणि ज्ञानाची बाजू दुबळी पडू शकते. म्हणून त्याग-वैराग्यादी साधनांच्या बळावर आत्मविज्ञानाच्या स्मृतीची संतती, म्हणजे आठवणीचा प्रवाह, राखावा लागतो. 'नियन्तव्या' असा शब्द आहे. नवीन काही मिळवण्याचा विधी नाही, हेही ते तिथेच स्पष्ट करतात. तुमचं म्हणणंही त्यात आलं.

माझ्या मते भांडण 'साधना' या शब्दाचंच आहे.

---

इतवारी_सराफ, दुपारी १:१०

दुकानात गिऱ्हाईक नाही, उन्हानं रस्ता सुनसान, म्हणून लिहितो.

तोतापुरींची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. ते रामकृष्ण परमहंसांचे वेदान्तातले गुरू. दक्षिणेश्वरला रामकृष्णांनी त्यांना विचारलं, तुम्हाला ब्रह्मज्ञान झालं, मग रोज ध्यान कशाला? तोतापुरींनी आपला लख्ख पितळी लोटा दाखवला. रोज घासला नाही तर काळा पडेल. रामकृष्ण म्हणाले, आणि लोटा सोन्याचा असला तर?

ही गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात आणि सोनं जिंकलं असं समजतात. माझा जन्म सराफा ओळीत गेला. सोन्याला गंज चढत नाही हे खरं. पण सोन्यावर मळ बसतोच ना! वीस वर्षं अंगावर वापरलेली पाटली आणा, नक्षीत घाम, साबण, हळद, पीठ सगळं भरलेलं असतं. आम्ही ती रिठ्याच्या पाण्यात ठेवतो, मऊ ब्रश फिरवतो. त्यानं सोन्याचा कस वाढत नाही. बावीस कॅरेटचं बावीसच राहतं. तरी घासतो, कारण ती बाई उद्या लग्नाला जाणार आहे आणि चार लोक तिच्या हाताकडे पाहणार आहेत.

सरांचा जप मला असा वाटतो. कस वाढवायला नाही.

---

वऱ्हाडी_भाऊ, १:२२

वा सराफ! तुमच्या दुकानी यायला पाहिजे.

---

धान_पट्टा, १:५०

मी भंडारा जिल्ह्यातला, घरची धानाची शेती. संस्कृत येत नाही. पण तणस टाकून देतात हे वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे तणस कोणी टाकत नाही. धान घरात आलं की तणसीचा ढीग नीट रचतात, पाऊस आत शिरू नये असा. वर्षभर बैल, गाई त्याच्यावर जगतात. थंडीत गोठ्यात खाली अंथरतात. पूर्वी घरावर शाकारायलाही वापरत. उन्हाळ्यात गावात एखाद्याची तणस संपली तर ती मागायला माणूस दारात येतो, आणि ज्याच्या ढिगात आहे त्यानं नाही म्हणणं बरं दिसत नाही.

ज्याला धान मिळालं त्याला तणसीची भूक नाही, हे बरोबर. पण गोठ्यात कोण आहे हे पाहावं ना. तुमच्या सरांचे ते दहा-बारा विद्यार्थी काय खातील?

---

धंतोलीकर, २:०५

धान पट्टा, हा लोकसंग्रह, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी करत राहणं. गीता ३.२० आणि ३.२२. 'न मे पार्थास्ति कर्तव्यं', तिन्ही लोकांत मला काही करायचं नाही, तरी मी कर्मात असतो, असं भगवंत म्हणतात. तुम्ही म्हटलंत तितकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. आम्हाला (मला धरून) गोठा आठवला नाही.

---

तृप्तिदीप, २:३०

हे मला मान्य. लोकसंग्रहासाठी अभ्यास चालू ठेवणं वेगळं. माझा आक्षेप 'ज्ञान अपुरं आहे म्हणून साधना' या म्हणण्याला आहे.

---

साधा_माणूस, संध्याकाळी ७:१५

सगळं वाचलं. मला एक अडचण मांडायची आहे, जरा कडू आहे.

'काही करायला उरत नाही' हे वाक्य कोणाच्या कानावर पडतं, याचा विचार करा. माझी धाकटी बहीण एका ऑनलाइन सत्संगाला जायची. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे पहिल्याच दिवशी सांगत, तू आधीच ब्रह्म आहेस, साधना हा मनाचा खेळ आहे, सोडून दे. तिने पूजा सोडली. आईला वाईट वाटलं, पण ठीक. मग फिरणं सोडलं. मग 'मी शरीर नाही' म्हणत साखरेच्या गोळ्या सोडल्या. आम्हाला कळलं तेव्हा शुगर इतकी चढली होती की रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरी आहे. गोळ्या घेते, पूजाही करते, सत्संग बंद आहे.

मी तत्त्वज्ञानाचा विरोधक नाही. पण आत्मज्ञान झालं हे ज्याचं त्यानंच ठरवायचं असेल, तर सरांसारखी शिस्त हीच बाहेरच्या माणसाला दिसणारी खूण आहे. आणि सर स्वतः काही म्हणत नाहीत, ही दुसरी.

---

धंतोलीकर, ७:५०

साधा माणूस, तुमच्या बहिणीला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. ही चूक फार जुनी आहे. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी नैष्कर्म्यसिद्धीत लिहिलंय: 'बुद्धाद्वैतसतत्त्वस्य यथेष्टाचरणं यदि। शुनां तत्त्वदृशां चैव को भेदोऽशुचिभक्षणे॥' अद्वैत कळलेला जर मनाला येईल तसं वागणार असेल, तर कुत्रा आणि तत्त्ववेत्ता यांच्यात अशुद्ध खाण्यापुरता फरक काय राहिला? इतक्या कडक भाषेत. विद्यारण्यांनी तो पंचदशीत घेतला, पुढे वेदान्तसारातही तो आला. म्हणजे प्रत्येक पिढीत कोणाला तरी हे ऐकवायची गरज पडत होती.

---

माधानची_पालखी, ८:३०

सगळे वेदान्ती बोलले, भक्तीचं कोणीच बोललं नाही, आणि आपण विदर्भात बसलोय!

आपल्या मातीतले गुलाबराव महाराज. जन्म १८८१, अमरावती जिल्ह्यातले, बालपणीच दृष्टी गेली. १९१५ मध्ये देह ठेवला, उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य. त्यात शंभराहून जास्त ग्रंथ सांगितले. डोळ्यांनी एक अक्षर न वाचता. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि कृष्णाची पत्नी मानत. त्यांच्या विचाराचं नावच मधुराद्वैत. अद्वैत पूर्ण मान्य, माया मान्य, आणि त्यानंतर भक्ती. आधीची पायरी म्हणून नाही, नंतरची गोडी म्हणून.

हे त्यांनी माउलींकडूनच घेतलं. अमृतानुभवाचं नववं प्रकरण काढा:

देव देऊळ परिवारु। कीजे कोरुनि डोंगरु।
तैसा भक्तीचा वेव्हारु। कां न व्हावा॥

एकच डोंगर कोरला. देवही त्याचाच, देऊळही त्याचंच, भोवतीचा परिवारही त्याचाच. दुसरं काही आणलं नाही, तरी पूजा उभी राहिली. ज्यांनी वेरूळचं कैलास पाहिलंय त्यांना ही ओवी दगडात दिसेल. आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्यात: 'क्रिया कीर न साहे। परि अद्वैतीं भक्ति आहे। हें अनुभवाचिजोगें। नव्हे बोलाऐसें॥' क्रिया सोसत नाही, कबूल. तरी अद्वैतात भक्ती आहे.

लक्ष्मीनगरकरांचा प्रश्न तर समर्थांच्या श्रोत्याने जसाच्या तसा विचारलाय. दासबोध, सहावा दशक, सातवा समास: 'ज्ञानें दृश्य मिथ्या जालें। तरी कां पाहिजे भजन केलें।' समर्थांचं उत्तर रोखठोक आहे. साहेबापुढे लोटांगण घालतोस, नीचासारखा होतोस, आणि देवाला मात्र मानत नाहीस, हे कसलं ज्ञान? ऑफिसात दिवसभर सर-सर करणाऱ्याला संध्याकाळी अद्वैत आठवतं, ते खरं नव्हे.

'कशासाठी' हा प्रश्नच मला बाजारातला वाटतो. आई मुलाला मांडीवर घेते ते कशासाठी?

---

तृप्तिदीप, ८:५५

भागवतातही आहे. 'आत्मारामाश्च मुनयो निर्ग्रन्था अपि'. गाठी सुटलेले, आत्म्यात रमलेले मुनीसुद्धा हरीची अहैतुकी भक्ती करतात, त्याचे गुणच तसे आहेत म्हणून. अहैतुकी म्हटल्यावर माझा आक्षेप उरत नाही. साध्य नसलेल्या गोष्टीला मी साधना म्हणणार नाही, पण तिला नमस्कार करीन.

---

कूलरची_टाकी, ९:१०

अभ्यासाचं कोणी बोललं नाही अजून, फक्त जप-भजन चाललंय. रमण महर्षींचं पाहा. १८९६ मध्ये मदुरैला तो मृत्यूचा अनुभव आला तेव्हा वय सोळा, वेदान्ताचा एक ग्रंथ वाचलेला नव्हता. वाचन सगळं नंतरचं. तिरुवण्णामलैला भक्त पुस्तकं घेऊन येत, अर्थ विचारत, म्हणून ते वाचत गेले. पुढे विवेकचूडामणी तमिळ गद्यात आणला. अरुणाचलाची प्रदक्षिणा १९२६ पर्यंत करत होते. आश्रमात वेदपारायण रोज व्हायचं, तेव्हा समोर बसून ऐकायचे. पहाटे स्वयंपाकघरात भाजी चिरायचे.

आणि मुंबईत निसर्गदत्त महाराज. खेतवाडीतल्या त्या छोट्या माळ्यावर १९८१ पर्यंत, शेवटपर्यंत भजनं चालली. गुरूंनी सांगितलं होतं म्हणून.

---

वऱ्हाडी_भाऊ, ९:२५

विषयांतर करतो, माफी असावी. या रविवारी पंचदशी झाली की सगळ्यांनी तर्री पोह्यावर भेटायचं का? माझ्याकडून.

---

इतवारी_सराफ, ९:२८

४५ डिग्रीत तर्री! सकाळी नऊच्या आत असेल तर येतो.

---

रामटेकची_पायरी, ९:४०

मलाही यायचं आहे, पण पंचदशी कधी वाचलेली नाही. मराठी अर्थासह कुठे पाहायला मिळेल?

---

धंतोलीकर, ९:५५

धंतोलीला रामकृष्ण मठाचं ग्रंथालय आहे, तिथे जाऊन विचारा. विकत घ्यायचीच असेल तर आधी दोन-तीन आवृत्त्यांतला एकच श्लोक काढून अर्थ ताडून पाहा, आणि मग ठरवा. सुरुवात मात्र सातव्यापासून करू नका. पहिलं प्रकरण, तत्त्वविवेक, त्याचे ६५ श्लोक आधी.

---

मृगाची_वाट, रात्री ११:३०

काल एक ओळ लिहून गेले, ती उद्धट वाटली असेल. प्रश्न माझ्या बाबांमुळे होता. आज लिहिते.

बाबांनी पस्तीस वर्षं अमृतानुभव वाचला. महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात पुढच्या खोलीत संध्याकाळी त्यांचे चार मित्र बसायचे. बाबा फार बोलत नसत, पण जे बोलत त्याचा माझ्यावर आयुष्यभर परिणाम राहिला. आई गेली तेव्हा ते ज्या शांतपणे उभे होते, ते मी विसरणार नाही. त्यात कोरडेपणा नव्हता. मला तेव्हाच वाटलं की यांना काहीतरी ठाम कळलेलं आहे.

शेवटची चार वर्षं त्यांना विसरण्याचा आजार होता. आधी नावं गेली, मग दिवस, मग मी. मला 'बाई' म्हणायचे. अमृतानुभव समोर धरला तर पान उलटायचे, वाचता यायचं नाही. एका रात्री घाबरून ओरडत उठले, खोलीत कोणी शिरलंय म्हणाले. माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले.

त्या रात्रीपासून माझ्या मनात हा प्रश्न आहे, कोणाला विचारला नाही. पस्तीस वर्षांचं ज्ञान कुठे गेलं? ज्ञान राखायचं म्हणता, आठवणीचा प्रवाह राखायचा म्हणता. आठवणच गेली त्याचं काय? ज्ञान मेंदूतल्या पेशींवर अवलंबून असेल तर मग ते ज्ञान कसलं?

एकच गोष्ट शेवटपर्यंत राहिली. संध्याकाळी शेजारून हरिपाठ ऐकू आला की दोन्ही हात वर यायचे आणि जुळायचे. त्यांना ते माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

---

तृप्तिदीप, मंगळवार, पहाटे ५:१०

ताई, रात्री वाचलं, झोप लागली नाही. मी इथे दोन दिवस जे बोललो ते सगळं बाजूला ठेवतो.

पंचदशीच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाकडे दोन श्लोक आहेत. ते तुमच्या बाबांसाठी लिहिल्यासारखे आहेत.

नीरोग उपविष्टो वा रुग्णो वा विलुठन्भुवि।
मूर्च्छितो वा त्यजत्वेष प्राणान्भ्रान्तिर्न सर्वथा॥

निरोगी, आसनावर बसलेला असो, किंवा आजारी, जमिनीवर गडाबडा लोळणारा असो, किंवा बेशुद्ध असो. ज्ञानी कसाही प्राण सोडो, त्याला पुन्हा भ्रांती नाही. लोळणारा असा शब्द वापरलाय, ताई. शांत, हसतमुख मृत्यूची अट त्यांनी घातलेली नाही.

आणि लगेच पुढे कारण देतात. वेद शिकलेला माणूस रोज झोपतो, स्वप्नात आणि गाढ झोपेत त्याला शिकलेलं काही आठवत नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी न शिकलेला ठरतो का? तशीच विद्या नष्ट होत नाही.

आठवण हे ज्ञानाचं काम असेल, ज्ञान नव्हे. दोरी पाहून झाली. मग डोळे मिटले तरी ती साप होत नाही. हे मी शास्त्र म्हणून सांगत होतो इतकी वर्षं. तुमच्या बाबांची ती रात्र वाचेपर्यंत हे श्लोक मी कधी कोणासाठी म्हटले नव्हते.

हात जुळत होते त्याबद्दल मला काही सिद्ध करता येणार नाही. पण पस्तीस वर्षं रोज बसले नसते तर ते जुळले असते का? सरांच्या जपाला मी परवा 'सवय' म्हटलं होतं. तो शब्द मी जरा हलका करून वापरला होता.

---

मृगाची_वाट, ६:०२

दोन्ही श्लोक वहीत लिहून घेतले. आभार.

---

माधानची_पालखी, ६:३०

🙏

---

साधा_माणूस, ८:१५

ताई, माझी आई हे वाचून रडली. तिला म्हणायचं होतं की बाबांना हरिपाठ ऐकवणारे ते शेजारी कोण असतील त्यांना तिचा नमस्कार सांगा.

---

लक्ष्मीनगरकर (धागाकर्ता), बुधवार, रात्री ९:१५

तीन दिवस सगळं वाचत होतो, लिहायला हात धजला नाही. आता दोन गोष्टी सांगतो.

काल सरांकडे गेलो. धाग्यातलं बरंचसं त्यांना वाचून दाखवलं. तणसीचं ऐकून त्यांनी पोथी मिटली आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. मी धीर करून विचारलं, सर, तुम्ही रोज का वाचता? ते म्हणाले, गेल्या रविवारी एका श्लोकाचा अन्वय मी चुकीचा सांगितला, तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आला नाही, तो या रविवारी दुरुस्त करायचा आहे. आणि पहाटेचा जप? म्हणाले, माझ्या गुरूंनी सांगताना कधी थांबायचं ते सांगितलं नव्हतं. मग त्यांनी मला पन्हं दिलं.

आज संध्याकाळी मित्राकडे गेलो. या वेळी त्यांनीच विषय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उभं राहून त्यांनी दूधवाल्याची माफी मागितली. तो बिचारा लाजून गेला. मला म्हणाले, "अंबाझरीला जे कळलं त्यात खोट नाही, ते आजही तसंच आहे. पण फाटकात जे झालं तेही मीच केलं. दोन्ही एकत्र कसं राहतं ते मला समजत नाही." मी त्यांना दोरीचा श्लोक म्हणून दाखवला, दोन्ही ओळी. उत्तरार्ध त्यांनी दोनदा म्हणून घेतला. मग विचारलं, तुम्ही आता कुठे आहात? मी म्हटलं, सातव्यात. म्हणाले, बघतो.

येतील की नाही माहीत नाही. मी जागा धरून ठेवणार आहे.

रामटेकच्या पायरी, तुम्ही जरूर या, पुस्तक नसलं तरी चालेल, माझ्यात बघा. मृगाची वाट, तुम्हीही. वऱ्हाडी भाऊ, पोहे साडेआठनंतर, सर लवकर खात नाहीत. पत्ता ज्यांना हवा त्यांनी निरोप टाका. रविवारी सातला सुरू करतो.

---

वऱ्हाडी_भाऊ, ९:२०

हो जी. दोन पोहे जास्त सांगून ठेवतो, तुमच्या दोस्ताचे आणि सरांचे. तर्री वेगळी घेईन, ज्याला पाहिजे त्यानं घालावी.